पंधरा वर्षांचा उंबरठा

गोव्यात मनुष्य किती वर्षे राहिला म्हणजे तो गोव्याचा ठरतो? प्रश्न साधा दिसतो. परंतु पणजीच्या सरकारी कचेऱ्यांतून तो विचारीत फिरणाऱ्यास दर खिडकीवर निराळे उत्तर मिळते. मतदार यादी म्हणते, आज येथे सामान्यतः राहत असाल तर पुरे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यात वर्षांची अट नाही. बांधकाम मजुरांचा १९९६ चा कायदा म्हणतो, मागील बारा महिन्यांत ९० दिवस काम केलेत ना, मग कल्याण मंडळाकडे नाव नोंदवा. २०१६ साली सुरू झालेली दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना ५ वर्षे मागते. दयानंद सामाजिक सुरक्षा योजना १५ वर्षे मागते. लाडली लक्ष्मीला तेवढ्यानेही समाधान नाही. मुलीच्या आईबापांपैकी एकाचा तरी जन्म गोव्याच्या मातीतला पाहिजे. आणि मूळ गोमंतकीय कोण हे ठरविणारे जे विधेयक रिव्होल्यूशनरी गोवन्स या पक्षाने गेल्या काही वर्षांत पुढे रेटले, त्याला तर २० डिसेंबर १९६१ पूर्वी येथे जन्मलेला पूर्वज लागतो. एकच मनुष्य मतपेटीपाशी गोव्याचा, घमेल्यापाशी गोव्याचा, आणि म्हातारपणी दरमहा दोन हजार रुपयांच्या साह्यासाठी त्याने हात पुढे केला की परका!

हा विनोद नव्हे. आमच्या माहितीतील एका बाईंची हकीकत येथे सांगतो. गदगेकडून नवऱ्याबरोबर त्या पणजीस आल्या. नवरा इमारतींच्या कामावर होता; तो मरण पावल्यावर बाईंनी चार घरची भांडी घासून दोन मुली वाढविल्या. दोन्ही मुली येथेच जन्मल्या, येथेच मराठी शाळेत शिकल्या आणि आज मालवणी व कोंकणी मिश्रित अशी मराठी बोलतात की ऐकणाऱ्यास त्या पेडण्याच्या वाटाव्यात. बाईंची साठी उलटली, गुडघे गेले, तेव्हा कोणी सुचविले म्हणून त्यांनी वृद्धांच्या साह्यासाठी अर्ज केला. राहून झालेली वर्षे वीसहून अधिक होती. कागद मात्र नऊच वर्षांचे निघाले. या काळात त्यांनी चार खोल्या बदलल्या होत्या आणि चारांपैकी एकाही घरमालकाने भाड्याची पावती दिलेली नव्हती. शिधापत्रिका गावी सासऱ्याच्या नावावर. मतदाराचे ओळखपत्र काढले तेच मुळी उशिरा. मुलींचे शाळेचे दाखले नेले, तर उत्तर मिळाले की यावरून मुली येथे राहत होत्या हे सिद्ध होते, आई राहत होती हे सिद्ध होत नाही. सहा वर्षांची पोर पणजीत आईवाचून एकटी बिऱ्हाड करून राहिली असावी, असाच त्या तर्काचा अर्थ! ज्या कचेरीत हे घडले तिचे नाव देण्याचे प्रयोजन नाही. कारकुनाने नियम मोडला नाही, त्याने तो पाळला. आमची तक्रार आहे ती त्या नियमाविषयीच.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. अट वर्षांची आहे असे आपण म्हणतो; प्रत्यक्षात ती कागदांची आहे. भाटकाराच्या वाड्यात ज्याचे घर परंपरेने उभे आहे त्याला पंधरा वर्षे सिद्ध करावी लागत नाहीत. तलाठी त्याला ओळखतो, पंच त्याला ओळखतो, मामलेदाराच्या कचेरीतील शिपाईदेखील त्याच्या बापाला ओळखत असतो. ज्याला कोणी ओळखत नाही त्यालाच कागद लागतो, आणि ज्याला कागद लागतो त्यालाच तो कोणी देत नाही. घरमालक पावती का देत नाही? पहिले कारण घरपट्टीचे, दुसरे भीतीचे. भाडेकरू लिहून घेतला की तो पुढे हक्क सांगेल, ही भीती गोव्यात मुंडकार कायद्यांपासून घर करून आहे. १९७१ व १९७५ च्या ज्या कायद्यांनी भाटकाराच्या जमिनीवर त्याच्या मर्जीने राहणाऱ्या शेकडो गरिबांना डोक्यावरचे छप्पर कायम करून दिले, त्यांचे आम्ही या स्तंभातून नेहमीच स्वागत करू. परंतु त्या संरक्षणाची सावली पुढच्या पिढीच्या गरिबावर उलटी पडली, हेही मान्य केले पाहिजे. आता खोली अकरा महिन्यांच्या कराराने मिळते, कित्येकदा तोंडी कराराने, आणि मुदत संपली की कपाटासकट बिऱ्हाड हलते. बारावा महिना भरू द्यायचा नाही, हा त्यातला मंत्र. विधानसभेने २०२४ मध्ये भाडेकरूंची पडताळणी सक्तीची करणारा कायदा केला तो पोलिसांच्या सोयीसाठी. पोलिसास हवा तो कागद घरमालक आता भरून देईल. तोच कागद मामलेदाराकडे राहणाऱ्याच्या बाजूने पुरावा म्हणून चालेल, असे मात्र कोणी म्हटलेले नाही.

ही युक्ती नवी आहे असे कोणी समजू नये. इंग्लंडात १६६२ साली वस्तीसंबंधी एक कायदा झाला. गरिबाला मदत करण्याचे ओझे ज्याच्या त्याच्या गावाने, म्हणजे ख्रिस्ती धर्मपरगण्याने, उचलावयाचे. सबब परगावचा दरिद्री मनुष्य येऊन राहिला आणि तो पुढे भार होईल असे वाटले, तर चाळीस दिवसांच्या आत त्याला परत धाडण्याचा अधिकार स्थानिक अधिकाऱ्यांस मिळाला. पुढे अशी सवलत झाली की सलग एक वर्ष चाकरीस राहिलेल्या अविवाहित नोकरास तेथला रहिवासी समजावे. परिणाम काय झाला? शेतकरी गडी ठेवू लागले ते एक्कावन आठवड्यांच्या बोलीवर! बावन्नावा आठवडा त्यांनी भरू दिला नाही. ॲडम स्मिथसारख्या अर्थशास्त्रज्ञाने १७७६ साली या कायद्यावर कडाडून टीका केली, ती दयाबुद्धीने केली नव्हती. मजुराला जेथे काम आहे तेथे जाऊ न देणारा कायदा देशाच्या संपत्तीसच मारक आहे, असा त्याचा हिशेब होता. एक्कावन आठवडे आणि अकरा महिने यांत अंतर ते किती?

आता आमच्या राज्यघटनेकडे वळू. अनुच्छेद १९ ने प्रत्येक नागरिकास भारताच्या राज्यक्षेत्रात कोठेही संचार करण्याचा, राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क दिला. अनुच्छेद १६ ने सरकारी नोकरीच्या बाबतीत निवासाच्या कारणावरून भेद करण्यास मनाई केली, आणि अपवाद करावयाचाच झाला तर तो अधिकार राज्यांच्या हाती न देता संसदेच्या हाती ठेवला. १९५७ साली संसदेने कायदा करून राज्याराज्यांतील अशा अटी रद्द केल्या. काही थोड्या प्रदेशांपुरता तात्पुरता अपवाद ठेवला. १९८४ च्या डॉ. प्रदीप जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की या देशात अधिवास एकच आहे, तो भारताचा; राज्याचा निराळा अधिवास अशी वस्तू नाही. जानेवारी २०२५ मध्ये तन्वी बहल खटल्यात त्याच न्यायालयाने वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशांतील निवासावर आधारलेले आरक्षण घटनाबाह्य ठरविले.

मग कल्याणकारी योजनांचे काय? येथे वाचकांची दिशाभूल करणे आम्हांस मान्य नाही. अनुच्छेद १५ जन्मस्थानावरून भेद करण्यास मनाई करतो. निवासाचा उल्लेख त्यात नाही. १९५५ साली मध्य भारतातील एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या शुल्काचा प्रश्न आला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने निवास आणि जन्मस्थान या दोन निराळ्या गोष्टी आहेत असे सांगून निवासावर आधारलेली सवलत उचलून धरली होती. म्हणजे पंधरा वर्षांची अट केवळ असण्याने बेकायदा ठरत नाही. ती वाजवी आहे की नाही, एवढाच प्रश्न उरतो. परंतु लाडली लक्ष्मीतील आईबापांच्या जन्माच्या अटीला हा आसरा नाही. मुलगी गोव्यात जन्मली, गोव्यात वाढली, अठरा वर्षांची झाली. तिची शेजारीण आणि ती एकाच वर्गात, एकाच बाकावर. शेजारणीस लाख रुपयांचे साह्य मिळते, हिला नाही, का? तर हिच्या बापाचा पाळणा दोडामार्गात हलला आणि आईचा चंदगडात. हा जन्मस्थानावरून केलेला भेद नव्हे तर दुसरे काय? तोही मुलीच्या स्वतःच्या जन्मस्थानावरून नव्हे; आईबापांच्या! कायदेपंडितांनी या प्रश्नाकडे आजवर लक्ष दिले नाही याचे आम्हांस आश्चर्य वाटते.

कोणी म्हणेल, जगात सर्वत्र असेच चालते. तसे नाही. अमेरिकेत कित्येक राज्यांनी एक वर्ष राहिल्याशिवाय गरिबांस साह्य नाही असा नियम केला होता. १९६९ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने शपिरो खटल्यात तो मोडून काढला. ॲरिझोना राज्यातील एका परगण्यात निर्धनांना फुकट औषधोपचार देण्यासाठी अशीच एका वर्षाची अट होती. १९७४ साली तीही न्यायालयाने रद्द केली. पंधरा नव्हे, एक वर्ष! आणि दूर अमेरिकेत कशाला जावयाचे? ज्या गोमंतकीय बांधवांनी पोर्तुगीज पारपत्रे घेऊन इंग्लंडातील स्विंडनसारख्या शहरी संसार थाटले, त्यांचेच उदाहरण घेऊ. इंग्लंड युरोपीय संघातून बाहेर पडले तेव्हा, ३१ डिसेंबर २०२० पूर्वी तेथे राहावयास आलेल्यांना सलग पाच वर्षांचे वास्तव्य पूर्ण होताच कायम राहण्याचा व सरकारी साह्याचा हक्क मिळाला. अन्य परकीयांसाठी ही पाचाची मुदत दहा वर्षे करण्याचा विचार ब्रिटिश सरकारने २०२५ मध्ये मांडला, तेव्हा तो कठोर म्हणून तेथेच वादंग झाले. परक्या देशात, परक्या ध्वजाखाली, गोव्याचा मनुष्य पाच वर्षांत जे मिळवितो, ते स्वदेशात विजापूरचा मनुष्य गोव्यात पंधरा वर्षांनी मिळवितो, आणि तेही कागद असतील तर.

हा प्रश्न सीमेवरच्या आम्हा मराठी लोकांना केवळ परदुःख म्हणून पाहता येण्याजोगा नाही. मुंबईत परप्रांतीयांच्या नावाने बोटे मोडणारे आम्ही पत्रादेवीचा नाका ओलांडला की स्वतःच परप्रांतीय होतो. गोव्यात बाहेरच्याला 'भायलो' म्हणतात आणि घाटावरच्याला त्याहून कडवट शब्द लावतात. मुक्तीनंतरच्या वर्षांत महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर आलेल्या अधिकाऱ्यांनाही हे ऐकावे लागले होते, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. वास्तविक पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे प्रदेश अठराव्या शतकाच्या अखेरीस सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेले. तोवर तेरेखोल नदीच्या दोन्ही तीरांवर अंमल एकच होता. आजही त्या नदीने सीमा नीट पाळलेली नाही. तेरेखोलचा किल्ला आणि गाव पलीकडच्या तीरावर असून गोव्यात आहे. रोटी-बेटी तर कधीच थांबली नाही. सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या लेकी पेडण्यात नांदतात, डिचोलीच्या लेकी दोडामार्गात. सासर-माहेर यांच्यामध्ये कोठे सीमा आहे हे त्यांना कळते ते रहिवासाचा दाखला काढताना.

आणि कळते ते इस्पितळात. बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाची परंपरा १८४२ च्या पोर्तुगीजकालीन वैद्यकशाळेपर्यंत जाते. दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ले येथील रुग्णाला मोठे इस्पितळ म्हणजे बांबोळी, हे कित्येक पिढ्यांचे गणित. सिंधुदुर्गात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले तेच २०२१ मध्ये. अशा स्थितीत १ जानेवारी २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांकडून शुल्क घेण्याचा निर्णय अमलात आला. दोडामार्गात लोक रस्त्यावर आले, उपोषणे झाली. आमचा पैसा आमच्या रुग्णांसाठी, हा गोवा सरकारचा युक्तिवाद होता आणि तो सर्वस्वी खोटा होता असे आम्ही म्हणणार नाही. एका लहान राज्याच्या तिजोरीने शेजारच्या मोठ्या राज्याच्या आळसाची भरपाई किती काळ करावी, हा प्रश्न रास्तच आहे. पुढे महाराष्ट्राच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून सिंधुदुर्गच्या रुग्णांची सोय करण्याचे ठरले, तेव्हा वादाची धार कमी झाली. परंतु त्या वादात एक घटना अशी घडली की जी आमच्यासारख्या एकीकरणाच्या पुरस्कर्त्यांनी विसरू नये. दोडामार्गातील काही मंडळींनी मागणी केली की आमचा तालुकाच गोव्यात विलीन करा! १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात १,३८,१७० गोमंतकीयांनी महाराष्ट्रात जाण्यासाठी मत दिले आणि १,७२,१९१ जणांनी त्याविरुद्ध. अर्धशतकानंतर त्याच सीमेवरून विलीनीकरणाची हाक आली ती उलट्या दिशेने, आणि ती भाषेसाठी नव्हती, इस्पितळातील खाटेसाठी होती. सरकार माणसाला आपलेसे करते ते नकाशावर नव्हे, हे दोडामार्गाने आम्हांला आमच्याच भाषेत सांगितले.

दोडामार्गचा उल्लेख आला आहे तर तिळारीचाही झाला पाहिजे. तिळारीचे धरण दोन राज्यांच्या भागीदारीतले. धरणाखाली गावे गेली ती दोडामार्गची. कालव्याचे पाणी येते ते डिचोली, बार्देश आणि पेडण्यात. हे पाणी सीमेवर कोणी अडवीत नाही, त्याच्याजवळ रहिवासाचा दाखला मागत नाही. ज्या कुटुंबाच्या भातजमिनीवर आज ते पाणी साठले आहे, त्या कुटुंबातला मुलगा कामासाठी गोव्यात आला तर त्याची गणती मात्र पहिल्या दिवसापासून सुरू होते आणि पंधराव्या वर्षी संपते.

महाराष्ट्राने या बाबतीत फार मोठेपणा मिरवावा अशी स्थिती नाही. त्या राज्यातही अधिवासाच्या दाखल्याला पंधरा वर्षेच लागतात. २०२४ साली 'माझी लाडकी बहीण' योजना निघाली, तेव्हा प्रथम हाच दाखला मागितला गेला आणि तहसील कचेऱ्यांपुढे बायकांच्या रांगा लागल्या. तेव्हा सरकारने चार पावले मागे घेतली. पंधरा वर्षांपूर्वीची शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, जन्माचा दाखला, यांपैकी काहीही चालेल असे ठरले. आणि परराज्यात जन्मलेल्या स्त्रीने महाराष्ट्रातल्या पुरुषाशी लग्न केले असेल तर नवऱ्याचा कागद तिचा मानावा, असेही ठरले. निवडणूक तोंडावर होती, हे उघड आहे. परंतु हेतू कसाही असो, अट ढिली केल्याने राज्य बुडाले नाही, एवढे तरी सिद्ध झाले. तसेच पाहा: कर्नाटकात असलेल्या, पण ज्यांवर महाराष्ट्राचा दावा आहे अशा ८६५ गावांतील मराठी लोकांचे वास्तव्य महाराष्ट्र सरकार नोकरीच्या अटीसाठी आपल्याच राज्यातले धरते, आणि २०२३ मध्ये त्या गावांना महात्मा फुले योजना लागू करण्याचा निर्णयही झाला. बेळगावकरांसाठी हे योग्यच झाले. मग मनात येते ते असे, की राजकारणाची इच्छा असली म्हणजे सीमारेषा ओलांडून साह्य पोहोचते, वास्तव्याची व्याख्या लवते, कागद सापडतात. इच्छा नसली की सहा वर्षांच्या मुलीचा दाखला आईच्या उपयोगी पडत नाही.

पेडण्यातील आमच्या तरुण वाचकांचा राग आम्हांस ठाऊक आहे आणि तो आम्ही झटकून टाकीत नाही. मोपाच्या विमानतळासाठी मोपे, वारखंड, चांदेल, कासारवर्णे या गावांच्या जमिनी गेल्या. ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन झाले, ५ जानेवारी २०२३ पासून विमाने सुरू झाली. आणि जमीन गेलेल्या घरातला मुलगा टॅक्सीच्या रांगेतील जागेसाठी अजून भांडतो आहे. डिचोलीत २०१२ साली खाणी थांबल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, आणि ट्रकवाल्यांची कर्जे मात्र थांबली नाहीत. गोव्याची लोकसंख्या २०११ च्या शिरगणतीत १४ लाख ५८ हजार होती. एवढ्या लहान प्रांताला आपण आपल्याच घरी अल्पसंख्य होऊ ही धास्ती वाटणे अस्वाभाविक नाही. त्या गणतीत हिंदी मातृभाषा सांगणारे सुमारे दहा टक्के होते, मराठी सांगणाऱ्यांच्या जवळजवळ बरोबरीचे. परंतु हा राग आपण कोणाच्या दारात नेऊन ठेवतो याचा विचार व्हावा. जमीन दिल्लीच्या धनिकाने घेतली, डोंगर कापला तो बिल्डराने, परवाना दिला तो सरकारने. आणि आपण संतापतो तो सिमेंटची पिशवी वाहणाऱ्यावर. किनाऱ्यावर दुसरे घर घेणाऱ्याला पंधरा वर्षांची अट नाही, एक दिवसाचीही नाही. खरेदीखत झाले की तो मालक. ती अट केवळ खोलीत राहणाऱ्यासाठी आहे. शिवाय विमानतळावर नोकरी पेडणेकराला मिळाली नाही याचे कारण म्हाताऱ्या मोलकरणीला दोन हजार रुपये मिळाले, हे नव्हे. ती नोकरी आणि हे साह्य या दोन गोष्टी निराळ्या ठेवल्या तर पुष्कळ धुके नाहीसे होईल.

आमचे मत थोडक्यात असे आहे. मनुष्य जगावा यासाठी जे लागते ते पहिल्या दिवसापासून मिळाले पाहिजे: धान्य, अपघातातला उपचार, मुलाची लस, शाळेतील प्रवेश. यांतले पुष्कळसे आज कायद्यानेच मिळालेले आहे. १ जानेवारी २०२० पासून गोवा आणि महाराष्ट्र ही दोन्ही राज्ये 'एक देश, एक शिधापत्रिका' या व्यवस्थेत आली. गदगेची शिधापत्रिका पणजीच्या स्वस्त धान्य दुकानात चालली पाहिजे, आणि जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साऱ्या राज्यांना ही व्यवस्था पुरी करण्याचा आदेशही दिला. तो आदेश का निघाला हे विसरण्याजोगे नाही. २०२० च्या टाळेबंदीत मजुरांचे तांडे अनमोड घाट चढून पायी निघाले, आणि मे महिन्यात थिवी व करमळीहून खास गाड्या सुटू लागल्या, तेव्हा कोठे आपल्याला समजले की गोव्याचे हॉटेल, गोव्याची मासेमारी आणि गोव्याची बांधकामे कोणाच्या खांद्यावर उभी होती. त्याच दिवसांत मुंबईच्या समुद्रात जहाजांवर अडकलेल्या गोमंतकीय खलाशांना घरी आणा म्हणून सारा गोवा कळवळला होता. तो कळवळा योग्यच होता. दोघेही पोटासाठी घर सोडून गेलेले, आणि दोघांनाही घरी पोहोचावयाचे होते.

जमीन, शिष्यवृत्ती, उद्योगासाठी भांडवल अशा मोठ्या देण्यांसाठी राज्याने काही काळाची अट ठेवली तर आम्ही तक्रार करणार नाही. मूळच्या गरिबाला प्रथम मिळावे हे न्याय्य आहे. वाद आहे तो मधल्या गोष्टींचा, म्हणजे म्हातारपणाच्या, वैधव्याच्या, अपंगत्वाच्या साह्याचा. त्यासाठी गोवा सरकारने स्वतःच एक मोजमाप घालून दिलेले आहे. दीनदयाळ योजनेत कुटुंबाला अडीच ते चार लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचा लाभ पाच वर्षांच्या वास्तव्यावर मिळतो. लाखांच्या साह्यासाठी जर पाच वर्षे पुरतात, तर दोन हजारांसाठी पंधरा कशाला? आणि पुरावा मागावयाचा तर तो गरिबाजवळ असू शकेल असा मागावा. बांधकाम मंडळाची नोंद, मुलांच्या शाळेचा पट, आरोग्यकेंद्रातील लसीची वही, पोलिसांकडे गेलेली भाडेकरूची पडताळणी, वीजबिल न निघाले तरी शेजारच्या चार घरांची साक्ष. तलाठ्याला हे तपासता येत नाही असे नाही. घराण्याच्या नावावरून तो आजही माणसे ओळखतोच, मग कामावरून का ओळखू नयेत?

दयानंद योजना मनोहर पर्रीकर यांच्या पहिल्या कारकीर्दीत निघाली आणि तिला नाव दिले गेले ते कै. दयानंद बांदोडकर यांचे. भाऊसाहेब कुळांच्या आणि मुंडकारांच्या बाजूचे, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर, दुसऱ्याच्या मर्जीने राहणाऱ्यांच्या बाजूचे होते. त्यांच्या राजवटीतल्या कायद्याने मुंडकाराला विचारले ते एवढेच की तू येथे राहतोस ना. आणि सीमेचाच हिशेब करावयाचा तर पत्रादेवीच्या स्मारकापाशी जाऊन यावे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी तेथे पोर्तुगिजांच्या गोळीला छाती देणारा कर्नैलसिंग बेनिपाल पंजाबातून आला होता. गोव्यात त्याचे वास्तव्य एक दिवसाचेही नव्हते.

दयानंद योजनेतील अट बदलण्यासाठी विधानसभेच्या ठरावाचीही गरज नाही. योजना अधिसूचनेने निघाली, तिच्यात आजवर रकमा वाढल्या, वर्ग वाढले, तेही अधिसूचनांनीच. पंधराच्या जागी पाच लिहिण्यास पर्वरीच्या सचिवालयात एक सही पुरे आहे. आम्ही ज्या बाईंचा उल्लेख केला त्यांच्या नऊ वर्षांच्या कागदांवर त्या दिवशी साह्य सुरू होऊ शकेल. न झाल्यास त्यांना आणखी सहा वर्षे थांबावे लागेल, आणि गेल्या महिन्यात त्यांच्या पाचव्या घरमालकानेही खोली सोडण्यास सांगितले आहे.